पाचर कुणी मारली?

सरांच्या गळ्यात नारिंगी दोरीचे इअरप्लग लोंबत असायचे. कंपनीत ते ठीक होतं. पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या चाकणच्या आमच्या प्रेस शॉपचे ते सेफ्टी ऑफिसरच होते. पण आमच्या स्टोअरकीपरच्या लग्नातही ते तसेच आले, सफारीवर इअरप्लग. मांडवात शिरल्या शिरल्या आधी बाहेर पडायची वाट कुठे आहे ते बघितलं, डीजेच्या भिंतीपुढे खुर्च्या टाकून बसलेल्या म्हाताऱ्यांना प्लग वाटले आणि मग स्टेजवर जाऊन नवरदेवाला पाकीट दिलं. त्यातही नोटेबरोबर एक जोडी निघाली म्हणे.

हा माणूस आमच्या हेवी मेटल बँडचा गायक होता असं सांगितलं की लोक मला वेड्यात काढतात. काढू देत. मी गिटार वाजवत होते, मला माहीत आहे.

ते सगळ्यांना अहो-जाहो करत. ट्रेनीला, चहावाल्याला, गेटवरच्या कुत्रीला. "अहो, मागं बघा की जरा!" हे ते फोर्कलिफ्टच्या ड्रायव्हरला नव्हे, थेट फोर्कलिफ्टला म्हणत. शॉपमध्ये माणसांनी चालायच्या वाटेला पिवळे पट्टे मारलेले असतात. सर त्या पट्ट्यांच्या आतून चालत, आणि बाहेर नाशिक रस्त्यावर, जिथे पट्टे सोडाच, पावसाळ्यानंतर रस्ताही शिल्लक नसतो, तिथेही असे चालत की दोन्ही बाजूंना पट्टे आहेत असं बघणाऱ्याला वाटावं. शिफ्ट सुटली की गेटवर उभे. "मोजली का?" एवढंच विचारायचे. माणसं दोन्ही पंजे वर करून दाखवत आणि बाहेर पडत. नवी पोरं हसायची. जुने मात्र न हसता दाखवायचे, कारण प्रेस शॉपमधून रोज दहाच्या दहा बोटं घरी जातातच असं नाही, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

मला पहिले सहा महिने त्यांचा भयंकर राग यायचा. मी परभणीची, डोक्यानं गरम, क्वालिटी डिपार्टमेंटला ट्रेनी. केस टोपीत नाहीत म्हणून मला तीनदा शॉपबाहेर काढलं होतं. चौथ्यांदा इअरफोन सापडला. शॉपमध्ये इअरफोनला बंदी, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी माझ्या सुपरवायझरने माझी चूक नसताना मला सगळ्यांसमोर झापलं होतं आणि मला दुसऱ्या कुणाचा तरी राग ऐकायचा होता. सरांनी हात पुढे केला. मी इअरफोन दिला.

"किती डेसिबल हाय बगू," म्हणाले आणि स्वतःच्या कानाला लावला.

मला वाटलं, आता झटका बसेल. माणूस तसाच उभा राहिला. पिवळ्या पट्ट्यांच्या बरोबर मधोमध, मान किंचित तिरकी, गाणं संपेपर्यंत. मग इअरफोन खिशात टाकून निघून गेले. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये माझ्यासमोर ताट घेऊन बसले.

"ह्यो मानूस का वरडतोय?"

"राग आलाय त्याला, सर."

"कशाचा?"

गाणं नॉर्वेकडचं की कुठलं तरी होतं, शब्द मलाही कळत नव्हते. "माहीत नाही," म्हटलं.

त्यांनी भाकरी कुस्करली आणि म्हणाले, "आपल्याला तर म्हायती हाय."

कशाबद्दल बोलतायत ते मला तेव्हा कळलं नाही. पण आठवडाभराने त्यांनी मला विचारलं की असं ओरडायला शिकवणारं कुणी असतं का. मी गंमत म्हणून त्यांना कासारवाडीला भाईच्या गॅरेजमध्ये घेऊन गेले.

भाई म्हणजे आमचा ड्रमर. धंदा डेंटिंगचा, ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे दिवसभर हातोडीने सरळ करायचा आणि गुरुवारी त्याच हातांनी ड्रम बडवायचा. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. तोवर आम्ही दोघंच होतो आणि गायक मिळत नव्हता, कारण मिळायचे ते सगळे इंग्रजीत रडायचे. भाई सरांना म्हणाला, "साहब, एक बार दिल से चिल्लाओ." सरांनी ज्येष्ठमधाची काडी गालात सारली, डोळे मिटले आणि जो आवाज काढला, त्याने वरच्या मजल्यावरच्या काकू चप्पल न घालता खाली धावत आल्या. "कुणाला मारताय का हो?" असं त्यांनी विचारलं. लहानपणी खेडकडच्या शेतात पाखरं हाकून आणि पुढे वीस वर्षं प्रेसच्या आवाजावर ओरडून तो गळा तयार झाला होता. सरांनी काकूंची माफी मागितली आणि प्लग दिले. काकूंनी अख्ख्या बिल्डिंगपुरते मागून घेतले.

बँडचं नाव ठेवलं "लालपेटी". कारखान्यात नापास झालेला माल ज्या पेटीत टाकतात ती लाल असते.

नाव मिळालं, गायक मिळाला आणि आमचे हाल सुरू झाले. वाजवायच्या आधी पाच मिनिटं सेफ्टीचं भाषण. वायरी जमिनीला काळ्या-पिवळ्या टेपने चिकटवलेल्या. गॅरेजमध्ये आग विझवायचा सिलिंडर आला, प्रथमोपचाराची पेटी आली. शटर अर्धं उघडं पाहिजे म्हणजे पाहिजे, कारण पळायला वाट हवी. शटर उघडं म्हणजे सगळी गल्ली आमची श्रोता. मी एकदा गिटार उपसून म्हटलं, "सर, हे मेटल आहे, ह्यात धोका पाहिजे!" ते शांतपणे म्हणाले, "धोका लई बगितला मॅडम. त्याच्यात मजा नसती."

एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये आम्हाला बोलावलं होतं. सर स्टेजवर आले ते सेफ्टी शूज, चमकणारं जाकीट आणि हेल्मेट घालून. पोरांना वाटलं हा ड्रेसच आहे. काय टाळ्या पडल्या! पहिल्या गाण्याला पोरांनी डोकी हलवायला सुरुवात केली, तसं सरांनी हात वर करून गाणं थांबवलं. "मानंला झटका देऊ नका. मणका एकच असतो. हलवायचंच तर सावकाश, बेतानं." मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण पुढच्या गाण्याला तीनशे पोरं खरंच सावकाश, बेतानं माना हलवत होती, आणि ते दृश्य मी बघितलेल्या कुठल्याही मेटल शोपेक्षा भारी होतं.

तरी स्वतःचं गाणं आमच्याकडे नव्हतं. सर म्हणाले, मी लिहितो. लिहून आणलं ते अपघाताच्या रिपोर्टच्या छापील फॉर्मवर. वेळ: दुसरी पाळी, चहानंतर. यंत्र: पॉवर प्रेस, पन्नास टनी. इजा: डावा हात, चार बोटं. असंच ओळीखाली ओळ. वाचून मी हसले, पण भाईने पहिल्या ओळीखाली ठेका धरला आणि सरांनी "दुसरी पाळी!" असं म्हटलं, तेव्हा मी हसणं सोडून गिटार उचलली. शेवटचा रकाना होता घटनेच्या कारणाचा. तिथे फक्त एक प्रश्न होता, तो चार वेळा म्हणायचा: पाचर कुणी मारली?

हे न कळणाऱ्यांसाठी सांगते. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे ती येते तेव्हा माणसाचे दोन्ही हात बाहेर असतात. पण त्यात वेळ जातो, नग कमी निघतात. मग कुणीतरी एका बटणात लाकडाची पाचर ठोकतं. ते बटण कायम दाबलेलं राहतं, एका बटणावर काम चालतं आणि दुसरा हात साच्यात मोकळा फिरतो. असं करायला सक्त मनाई असते आणि तरी ते होत असतं.

"प्रश्न चार वेळा विचारला, पण उत्तर?" मी विचारायची. "गाणं तिथं लटकतंय, सर."

"येती हाय वळ," ते म्हणायचे. चार महिने ती ओळ येत होती.

रेकॉर्डिंग गॅरेजमध्येच केलं. पुण्याहून एक मुलगा लॅपटॉप आणि माईक घेऊन आला होता, हुशार आणि अति घाईचा. गाणं शुक्रवारी सोडायचं, सगळं जग शुक्रवारी सोडतं, असं त्याचं म्हणणं. सर म्हणाले, "आपली मान्सं शुक्रवारी मशीनवर असत्यात. मशीनवर गानं ऐकायचं नसतं. गुरुवारी सोडायचं." तिसऱ्या टेकला सगळं जमून आलं. सरांनी चौथ्यांदा विचारलं, पाचर कुणी मारली. तिथे आम्ही नेहमी थांबायचो. त्या दिवशी सर थांबले नाहीत.

"मी," असं ते ओरडले.

एवढंच. एक अक्षर, पण श्वास संपेपर्यंत ताणलेलं. भाईने ठेका सोडून दिला. पुण्याचा मुलगा खूश होऊन म्हणाला, "हेच पाहिजे होतं, सर, काय एंडिंग आहे!" सर एका जुन्या टायरवर जाऊन बसले. भाईने पाण्याची बाटली दिली आणि त्या मुलाला चहाला बाहेर नेलं.

मग त्यांनी सांगितलं. सेफ्टीत यायच्या आधी ते भोसरीतल्या एका छोट्या शॉपमध्ये सेटर, म्हणजे प्रेसवर साचा बसवणारे, होते. ते शॉप आता नाही. त्यांच्याच गावचा, त्यांच्याच खोलीवर राहणारा मित्र प्रेसवर ऑपरेटर. मित्र पाचर लावू देत नसे. कुणी लावलीच तर उपटून भिरकावून द्यायचा. त्या दिवशी नग कमी पडत होते, मालक डोक्यावर उभा होता. मित्र चहाला गेला तेवढ्यात सरांनी पाचर मारली आणि सांगायचं राहून गेलं. मित्र परत आला, उजवा हात बटणावर टेकवला आणि डाव्या हाताने साच्यात तिरका बसलेला पत्रा सरळ करायला गेला. त्याच्या समजुतीप्रमाणे दुसरं बटण दाबल्याशिवाय प्रेस येणारच नव्हती.

"म्या आदी पाचर काढून खिशात टाकली," सर म्हणाले, "आन मंग त्याला उचललं. आदी पाचर, मॅडम."

चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं की ऑपरेटरला डुलकी लागली. खाली साक्षीदार म्हणून सरांची सही. कागदाची प्रत नोटीस बोर्डावर लागली. मला त्या क्षणी त्यांची किळस आली, हे मी लपवणार नाही. आणि त्याच क्षणी गेटवर उभा राहून रोज लोकांची बोटं मोजणारा माणूस मला पहिल्यांदा समजला, म्हणून रडूही आलं. दोन्ही एकदम झालं.

गाणं तयार होतं. पण सर ते सोडू देईनात. "रिपोर्ट पुरा न्हाई. जखमीचा जबाब घेतलेला न्हाई. तवाबी कुनी घेतला नव्हता."

पुढच्या गुरुवारी मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून राजगुरुनगरला नेलं. चाळीसच्या पुढे काटा गेला की पाठीवर टिचकी बसायची. मित्राचं तहसील कचेरीजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. डाव्या पंजाला एकटा अंगठा, आणि त्या अंगठ्याने तो कागदाची चवड अशी झपाझप सरकवायचा की बघत राहावं. सर दर दिवाळीला त्याच्याकडे जात, फराळाचा डबा ठेवत आणि परत येत. इतक्या वर्षांत त्यापलीकडे बोलणं नाही. जगात त्यांनी अरे-तुरे केलेला मी पाहिलेला हा एकच माणूस.

"गानं केलंय. ऐकतोस?"

मित्राने इअरफोन घातला. मध्ये सातबाऱ्याच्या प्रती काढायला दोघं आले, त्यांना हातानेच थांबायला सांगितलं. गाणं संपलं. त्याने इअरफोन काढला, वायर नीट गुंडाळली.

"समदं बोंबलनं कानावरनं गेलं. एकच शब्द कळाला."

"कंचा?"

"शेवटचा."

सर उभेच होते. मित्र म्हणाला, "मला काय ठावं नव्हतं का रं? त्या प्रेसवर आपन दोघंच. मी न्हाई मारली, मंग कुनी मारली? भूतानं?"

"मंग बोलला का न्हाईस?"

"मी बोलून काय व्हनार व्हतं? सही तुझी व्हती."

आलेल्या दोघांच्या प्रती त्याने काढून दिल्या. ते गेल्यावर म्हणाला, "माझं जाऊ दे. पोरीचं सांगतो. पुन्याला नर्सिंगला हाय. तिच्या आज्यानं तिला तेच सांगितलं, कागदावर व्हतं ते. परीक्षा आली की मला म्हनती, पप्पा, मी तुमच्यावानी डुलकी घेनार न्हाई. हसून म्हनती. म्याबी हसतो."

"मी आज घरी येतो. तिला फोन लावून सांगतो."

"घरात नगं." मित्राचा आवाज पहिल्यांदा चढला. "घरात सांगितलं की ती म्हनंल बापानं दोस्ताला पढवून आनलं. कागद बोर्डावर लावला व्हता. समद्या पाळीनं वाचला. डबं खाता खाता वाचला. तू चारचौघांत सांग. त्ये गानं सोड. आन त्यो शब्द हलवायचा न्हाई. ह्योच माजा जबाब."

सरांनी खिशातून फॉर्म काढला, तो जबाब जसाच्या तसा लिहून घेतला, वाचून दाखवला आणि खाली त्याची सही घेतली.

आम्ही गुरुवार ठरवला, पोस्टर केलं, कंपनीतल्या पोरांनी ते एकमेकांना पाठवलं आणि व्हायचं तेच झालं. मंगळवारी सरांना एचआरच्या साहेबांनी बोलावलं. रेकॉर्डिंगची एक क्लिप कुणीतरी त्यांना ऐकवली होती. सरांनी मला सोबत नेलं, "साक्षीदार पायजे" म्हणून. साहेब वाईट माणूस नव्हते. चहा मागवला. म्हणाले, "गाणं छान आहे, कंपनीला अभिमानच आहे. पण पुढच्या आठवड्यात ग्राहकाचं ऑडिट आहे. आमचाच सेफ्टी ऑफिसर 'पाचर मी मारली' म्हणतो, हे कसं दिसेल? एक शब्द बदला. 'मी'च्या जागी 'कुणीतरी' टाका. अर्थ तोच राहतो."

सर खुर्चीत ताठ बसले होते, हेल्मेट मांडीवर. म्हणाले, "साहेब, त्या कागदावर त्याचं नाव लिवलं तवा 'कुनीतरी' न्हाई सुचलं कुनाला."

"मग मला तुम्हाला ठेवता येणार नाही. रिटायरमेंटला तीन वर्षं राहिलीत तुमची. विचार करा."

"केलाय. तुमी चिठ्ठी तयार ठिवा. शुक्रवारी येऊन घेतो."

बाहेर आल्यावर मीच घाबरले होते. मी त्यांना म्हटलं, दुसरं काहीतरी करू, नाव न घालता सोडू, पोस्टर बदलू. घरी त्यांची बायको, म्हातारी आई, धाकट्याचं शिक्षण. ते पिवळ्या पट्ट्यांतून चालत राहिले. "मॅडम," म्हणाले, "मी एकदा शॉर्टकट मारलाय. आता न्हाई." शुक्रवारी त्यांनी ती चिठ्ठी खरंच जाऊन घेतली. सध्या ते चाकण-भोसरीतल्या छोट्या छोट्या शॉपमध्ये फिरतात आणि ऑपरेटरांना सुरक्षेचे धडे देतात. सुरुवात "लालपेटी"च्या गाण्याने करतात. काही मालक त्यांना दुसऱ्यांदा बोलावत नाहीत, तर हे न बोलावता जातात.

पण तो गुरुवार राहिला. दुपारी भाईच्या गॅरेजमध्ये आम्ही तिघं जमलो. वरच्या काकूही येऊन बसल्या. पोस्टरवर सरांनी हट्टाने स्वतःचं पूर्ण नाव घालायला लावलं होतं, गावासकट. मी गाणं नेटवर टाकलं, लिंक सगळीकडे पाठवली. मग आम्ही वाट बघत बसलो, पण कशाची ते कुणालाच सांगता येईना. कंपनीतल्या पोरांचे अंगठे आले, आगीची चित्रं आली. कुणीतरी लिहिलं, सर लई भारी. सरांनी त्यातलं काही वाचलं नाही. फोन हातात धरून बसले होते.

तासाभराने तो वाजला. अनोळखी नंबर. सरांना फोनचा स्पीकर चालू करायचा होता की चुकून झाला माहीत नाही, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"काका, मी पुण्याहून बोलतेय. पप्पांनी गाणं पाठवलं." मुलीचा आवाज कोरडा होता. "मी दोनदा ऐकलं. मला एकच विचारायचंय. पप्पांना त्या दिवशी झोप नव्हती लागली?"

सर उठून उभे राहिले.

"न्हाई. जागा व्हता तुमचा बाप. पत्रा तिरका बसलाय, हे त्या अख्ख्या शॉपमधी फकस्त त्यालाच दिसलं व्हतं."

कासारवाडी स्टेशनातून एक गाडी गेली, तिचा आवाज येऊन संपला, तरी फोन चालूच होता. मग ती म्हणाली, "काका, हे परत एकदा सांगा."

सरांनी परत सांगितलं.